चेहरा ओळखीचा, नाव आठवेना: साठीनंतर काय करावं, डॉक्टरांकडे केव्हा जावं

समोरची व्यक्ती कोण, कुठे राहते, तिचा मुलगा काय करतो, सगळं माहीत आहे. नाव तेवढं येत नाही. साठीच्या पुढच्या वाचकांकडून ही तक्रार सतत येते आणि तिच्या शेवटी प्रश्नही ठरलेला असतो: ही अल्झायमरची सुरुवात तर नाही? दुसरीकडे मुलं-सुना विचारतात, आई हल्ली शेजारच्या वहिनींनाही ओळखत नाही, पण बाबा म्हणतात वय झालं की असं व्हायचंच. मग डॉक्टरांना दाखवायचं की नाही? पहिल्या घरात विनाकारण धास्ती आहे, दुसऱ्या घरात विनाकारण स्वस्थता. मला दुसऱ्या घराची काळजी जास्त वाटते. कोणता विसर वयाचा आणि कोणता आजाराचा, घरी काय करता येतं, दवाखान्यात काय तयारीने जायचं आणि कोणती कागदपत्रं वेळेत करून ठेवायची, ते पुढे क्रमाने देत आहे.

आधी हे ठरवा: नाव अडलंय की माणूसच आठवत नाही?

नाव आठवेनासं झालं की स्वतःला, किंवा घरातल्या ज्येष्ठांना, एवढंच विचारा: "नाव राहू द्या, ही व्यक्ती कोण ते सांगा." उत्तर आलं की "अहो, नंदूच्या शाळेतल्या बाई, गणपतीला आपण त्यांच्याकडे जायचो, त्यांचे यजमान रेल्वेत होते", तर स्मरणशक्ती शाबूत आहे, फक्त नाव ओठांवर येऊन अडलं आहे. पण "कोण कुणास ठाऊक" असं उत्तर आलं आणि ती व्यक्ती नेहमीच्या संबंधातली असेल, तर गोष्ट वेगळी. या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा फरक हाच आहे.

नावच का अडतं? कारण नावाला आधार नसतो. १९८७ साली ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना अनोळखी चेहरे दाखवले. एकच शब्द काही चेहऱ्यांचं आडनाव म्हणून सांगितला, काहींचा व्यवसाय म्हणून. व्यवसाय म्हणून सांगितलेला शब्द लक्षात राहिला, आडनाव म्हणून सांगितलेला तोच शब्द निसटला. आपल्याकडे समजा एखाद्याची ओळख "हे सुतारकाम करतात" अशी करून दिली, तर रंधा, भुसा, फर्निचर असं बरंच काही मनात येतं. "हे श्रीयुत सुतार" म्हटलं की काहीच येत नाही. ते गृहस्थ बँकेतही असू शकतात. वय वाढतं तशी माणसाच्या ओळखीपासून त्याच्या नावाच्या उच्चारापर्यंतची वाट मंद होत जाते. अमेरिकेत डेबोरा बर्क आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवून दिलं की ओठांवर अडणारे शब्द वयाबरोबर वाढतात आणि त्यांत विशेषनामांचा वाटा मोठा असतो. २०१३ मध्ये सॉल्टहाउस आणि मँडेल यांनी आणखी एक गोष्ट तपासली: वयाचा परिणाम वजा केला, तर असं अडणं आणि घडलेल्या घटना लक्षात ठेवण्याची कुवत यांचा फारसा संबंध उरत नाही. अल्झायमरमध्ये सहसा आधी ढासळते ती ही दुसरी कुवत. म्हणून नुसतं नाव अडतं या एका कारणावरून धास्तावू नका.

चेहऱ्यांची गोष्ट आणखी दिलासा देणारी आहे. हॅरी बाहरिक यांनी १९७५ मध्ये अमेरिकेतल्या ३९२ माजी विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली. शाळा सोडून पस्तीस वर्षं झालेल्यांनीही फोटोंमधून वर्गमित्रांचे दहापैकी सुमारे नऊ चेहरे बरोबर निवडले. फोटो पाहून नाव सांगणं मात्र त्यांना बरंच कठीण गेलं. जुने चेहरे टिकतात. अडचण येते ती नव्या चेहऱ्याला नवं नाव जोडताना: चेहराही पाहिल्यासारखा वाटतो, नावही ऐकल्यासारखं वाटतं, पण कोणतं कोणाचं याची गल्लत होते. वाढत्या वयातली नेहमीची अडचण हीच.

यात घाबरण्यासारखं काही नाही

- अडलेलं नाव अंघोळ करताना किंवा रात्री अंथरुणावर पडल्यावर आपोआप आठवतं.
- कुणी पहिलं अक्षर सांगितलं की लगेच पूर्ण नाव येतं.
- नातवाला हाक मारताना आधी मुलाचं, मग भाच्याचं, क्वचित घरच्या कुत्र्याचंही नाव तोंडातून निघतं. २०१६ च्या एका अमेरिकी अभ्यासात हे तरुणांमध्येही सर्रास आढळलं. मेंदू "आपल्या घरातला" हा कप्पा बरोबर उघडतो, नाव शेजारचं उचलतो.
- मालिकांमधल्या तरुण नट-नट्या एकसारख्या दिसतात. आपल्या वयाचे चेहरे ओळखणं सगळ्यांनाच सोपं जातं.
- एखाद्या समारंभात एकदाच भेटलेली माणसं पुन्हा भेटल्यावर ओळखू येत नाहीत.

हे दिसलं तर थांबू नका

- रोज किंवा आठवड्याला भेटणारी माणसं, कामवाल्या ताई, दूधवाले, शेजारी, ओळखीची वाटेनाशी झाली.
- नाव आणि नातं दोन्ही सांगूनही "हो, बरोबर" असं येत नाही.
- दहा-पंधरा मिनिटांत तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो आणि आधी विचारल्याचं आठवत नाही.
- माणसांबरोबर वस्तूंचीही नावं जाऊ लागली: किल्ली, चमचा, झाकण यांच्या जागी सतत "ते हे".
- पत्नी किंवा पती "तोतया" वाटतात, आरशात परका माणूस दिसतो.
- ओळखीचा रस्ता चुकतो, गॅस चालू राहतो, औषध दोनदा घेतलं जातं, पेन्शनचा नेहमीचा हिशेब जमत नाही.

यांपैकी काही गेल्या काही महिन्यांत सुरू झालं असेल आणि वाढत असेल, तर "म्हातारपण आहे" म्हणून गप्प बसू नका. भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीतून निघाला. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. शंभरातल्या त्र्याण्णव जणांना तो नाही, हे पहिल्या घराने लक्षात घ्यावं. शंभरातल्या सात जणांना आहे, हे दुसऱ्या घराने.

दोन परिस्थितींत दिवसही घालवू नका. काल संध्याकाळपर्यंत ओळखणारी व्यक्ती आज अचानक चेहरे ओळखत नसेल, तोंड वाकडं झालं असेल, बोलणं अडखळत असेल, हात किंवा पाय लुळा पडला असेल किंवा दिसायला कमी झालं असेल, तर तो पक्षाघात असू शकतो. १०८ ला फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. आणि दोन-चार दिवसांत गोंधळ वाढत गेला, माणूस कधी भानावर तर कधी नाही असं दिसलं, विशेषतः तापात, शस्त्रक्रियेनंतर किंवा लघवीच्या जंतुसंसर्गात, तर त्याचं मूळ कारण शोधून उपचार केले की बहुतेकदा सुधारणा होते. रक्तातलं सोडियम उतरल्यानेही असं होतं. वयस्क माणूस आठवडा-दोन आठवड्यांपूर्वी पडला असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. डोक्याला लागलेला मार किरकोळ वाटला तरी आत हळूहळू रक्त साचू शकतं.

स्मरणशक्तीला दोष देण्याआधी कान, डोळे आणि गोळ्या तपासा

*कान.* जे ऐकूच आलं नाही ते आठवणार कुठून? कार्यालयात बँड वाजतोय, पंगतीचा गलका आहे आणि कुणीतरी घाईत "ही आमची वैदेही" म्हणून पुढे गेलं. ऐकणाऱ्याने मान डोलावली, पण नाव मनापर्यंत पोचलंच नाही. श्रवणदोष हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालाने अशी चौदा कारणं मोजली आणि ती सगळी दूर करता आली तर जगातल्या सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंशाला आळा घालता येईल किंवा तो लांबवता येईल, असा अंदाज दिला. श्रवणतज्ज्ञांकडून ऑडिओमेट्री करून घ्या. ऐकण्याचं यंत्र सुचवलं तर "लोक काय म्हणतील" म्हणून ते कपाटात ठेवू नका.

*डोळे.* मोतीबिंदूत चेहऱ्याचे उठाव पुसट होतात. दृष्टिपटलाचा मधला भाग झिजला, तर कडेचं दिसतं पण समोरच्याचा चेहराच नेमका दिसत नाही. अशा माणसाला "ओळख दाखवत नाही", "गर्व झाला" म्हणून नातेवाईक नावं ठेवतात. आधी नेत्रतपासणी करा.

*औषधं.* सर्दी-ॲलर्जीच्या काही जुन्या गोळ्यांत क्लोरफेनिरामिन किंवा डायफेनहायड्रामिन असतं. झोपेसाठी अल्प्राझोलाम, दुखण्यासाठी अमिट्रिप्टिलिन दिलं जातं. उतारवयात या औषधांनी डोकं जड आणि विसराळू होऊ शकतं. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या, मेडिकलमधून परस्पर आणलेल्याही. मात्र झोपेची गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका. त्याचे परिणाम गंभीर होऊ शकतात.

*बी-१२, थायरॉइड, मन.* आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता नेहमी आढळते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी रोज पॅन्टोप्राझोल घेणाऱ्यांत ती आणखी संभवते. थायरॉइड मंदावलं तर बुद्धीही मंदावल्यासारखी वाटते. आणि जोडीदार गेल्यानंतरच्या वर्षात येणारी उदासी पुष्कळदा विसरभोळेपणाच्या रूपातच समोर येते. तिच्यावर उपचार आहेत. झोपेत मोठ्याने घोरून श्वास अडत असेल तर तेही सांगा.

नवं नाव टिकवायचं कसं

नाव मनात शिरतानाच अर्धवट शिरलं, तर नंतर कितीही डोकं खाजवलं तरी सापडणार नाही. म्हणून सगळा भर पहिल्या पाच मिनिटांवर द्या.

१. पुन्हा विचारा. "नाव नीट ऐकू आलं नाही, परत सांगता?" पहिल्या मिनिटात असं विचारलं तर कुणालाच काही वाटत नाही. सहा महिने रोज फिरायला सोबत जाऊन मग विचारणं अवघड होतं.

२. लगेच वापरा. "बरं झालं भेटलात, मेधाताई." निरोप घेताना पुन्हा एकदा.

३. नावाला आधार द्या. आपल्याकडे "मूळचे कुठले?" विचारायची पद्धत आहे, ती इथे फार कामाला येते. चिपळूणकर, नाशिककर अशा आडनावांत गाव आयतंच असतं. इतरांच्या बाबतीत एखाद्या ओळखीच्या माणसाशी सांगड घाला: "माझ्या मावशीचं नावही मेधाच."

४. चेहऱ्यावरची न बदलणारी खूण निवडा. चष्मा, साडी, केसांचा रंग उपयोगाचा नाही. भुवया, हनुवटी, गालावरची खळी, आवाज हे टिकतं. खूण आणि नाव यांचं मिळून एक चित्र करा. वाघमारे आडनावाच्या गृहस्थांना भरघोस मिशा असतील, तर वाघासमोर मिशीला पीळ देणारे वाघमारे डोळ्यांपुढे आणा. चित्र जितकं अचाट, तितकं पक्कं. ते कुणाला सांगायची गरज नाही.

५. वाढत्या अंतराने आठवा. माझ्या मते या यादीत सर्वांत उपयोगी हीच युक्ती आहे. नाव ऐकल्यावर अर्ध्या मिनिटाने मनात आठवा, मग दोन मिनिटांनी, मग दहा मिनिटांनी, घरी परतताना, झोपताना आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. कागदावर पाहायचं नाही, आठवायचं. नाही आठवलं तर नाव पाहून घ्या आणि पुढचं अंतर कमी करा. लँडॉवर आणि ब्योर्क यांनी १९७८ मध्ये नावांवरच ही पद्धत तपासली होती. पुढे सौम्य स्मृतिभ्रंश असलेल्यांनाही तिचा फायदा झाल्याचं दिसलं. घरात नवी मदतनीस आली, समजा सुनीता, तर आजींना सांगा, "ही सुनीता. कोण ही?" "सुनीता." अर्ध्या मिनिटाने पुन्हा, मग एक मिनिट, मग दोन, मधल्या वेळात चहा, गप्पा, काहीही. उत्तर हमखास येईल इतकंच अंतर ठेवायचं. आजी चुकल्या तर त्यांना चूक दाखवायची नाही; आपण नाव सांगायचं आणि त्यांच्याकडून एकदा म्हणवून घ्यायचं.

६. फोनमध्ये नावासोबत ओळख साठवा. "रमेश प्लंबर" आपण करतोच. तसंच "मेधाताई, बागेतला योगवर्ग, मुलगी नागपूरला". फोटो जोडता आला तर उत्तम. लग्न-मुंजीला जाण्याआधी जुना अल्बम किंवा कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटातले फोटो दहा मिनिटं पाहून जा.

ऐनवेळी अडलं तर

जोर लावू नका. चुकीचं पण जवळचं नाव पुन्हापुन्हा मनात येऊन बरोबर नावाची वाट अडवतं. थोडं थांबा, त्या व्यक्तीला कुठे भेटला होतात ती जागा आठवा, मग क, ख, ग अशी अक्षरं सावकाश म्हणत जा. पहिलं अक्षर लागलं की पुष्कळदा नाव सुटून येतं. नाहीच आलं तर सरळ सांगा: "तुम्हाला ओळखलं, नाव मात्र या क्षणी आठवत नाही." आपण देशपांडेंकडच्या पूजेत भेटलो होतो, असा एखादा तपशील जोडलात तर समोरच्याला अजिबात वाईट वाटत नाही. नाव कळल्यावर ते मोठ्याने दोन-तीनदा म्हणा. पुढच्या खेपेला ते कमी अडतं.

इथे एका धोक्याकडे लक्ष वेधतो. आपल्या भाषेत नाव न घेता वर्षानुवर्षं निभावून नेता येतं. काका, मामी, वहिनी, सर, बाई एवढ्यावर सगळं भागतं. नाव आठवेना तेव्हा ही सोय चांगली आहे, पण आजार झाकायलाही ती तितकीच उपयोगी पडते. "या या, बसा. घरचे सगळे बरे ना? मुलं काय म्हणतात?" असं हसतमुख स्वागत करणाऱ्या आजींना समोर कोण बसलंय हे कदाचित माहीतच नसेल. पाहुणे म्हणतात, आजी अगदी ठणठणीत आहेत. पाहुणे गेल्यावर सहज विचारून पाहा: "कोण आलं होतं गं आई? काय बोलणं झालं?" उत्तर गुळमुळीत आलं आणि असं वारंवार होऊ लागलं, तर ती नोंद डॉक्टरांच्या कामाची आहे.

घरच्यांनो, परीक्षा घेऊ नका

"ओळखा पाहू मी कोण?" हा प्रश्न आपण प्रेमाने विचारतो. ऐंशीच्या घरातल्या माणसाला चारचौघांत तो भयंकर अपमानास्पद वाटू शकतो. एकदा ओळखता आलं नाही की पुढच्या कार्यक्रमाला "गुडघे दुखतात" म्हणून यायचं टाळलं जातं, आणि माणसांत मिसळणं कमी होणं हे स्मरणशक्तीला फार घातक आहे. त्याऐवजी:

- समोर या, चेहऱ्यावर उजेड पडेल असे उभे राहा. खिडकीला पाठ करून उभे राहिलात तर त्यांना नुसती काळी आकृती दिसते.
- हाक, नाव, नातं, गाव असं एका दमात सांगा: "मावशी, मी संजय, मंगलचा धाकटा, साताऱ्याहून आलोय."
- फोनवरही आधी नाव सांगा.
- नाव अडलं तर पूर्ण नाव पटकन पुरवू नका. पहिलं अक्षर सांगून क्षणभर थांबा.
- स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती गेलेल्या आईबद्दल विचारत असेल, तर "ती जाऊन तीस वर्षं झाली" असं दर वेळी ऐकवू नका. त्यांना ती बातमी दर वेळी नव्याने लागते. आईच्या आठवणी काढा, विषय हळूच वळवा.

सांभाळणाऱ्यांनी स्वतःसाठीही मदत मागावी. गोव्यात घरोघरी जाणाऱ्या प्रशिक्षित स्थानिक सल्लागारांच्या साहाय्याने एक प्रयोग झाला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण कमी झाल्याचं दिसलं. मोठ्या खर्चाची यंत्रणा तिथे नव्हती. माहिती, भेटी आणि ऐकून घेणारं माणूस एवढ्याने फरक पडला.

डॉक्टरांकडे जाताना

सुरुवात नेहमीच्या डॉक्टरांपासून करा. पुढे गरजेप्रमाणे न्यूरॉलॉजिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ किंवा वृद्धरोगतज्ज्ञ. तालुक्या-गावात राहत असाल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात चौकशी करा. "विसर पडतो" एवढंच सांगून भागत नाही. दोन-तीन आठवडे वही ठेवा आणि नेमकं लिहा:

*"मंगळवार. पलीकडच्या शिंदेकाकू आल्या. आईने 'तुम्ही कोणाकडे आलात?' विचारलं. नाव सांगितल्यावरही ओळख पटली नाही. संध्याकाळी मात्र ओळखलं."*

*"शुक्रवार. नातीला लेकीच्या नावाने हाक मारली. लगेच हसून दुरुस्त केली."*

पहिली नोंद महत्त्वाची, दुसरी नाही. पण दोन्ही लिहा, निवड डॉक्टर करतील.

साधारणपणे हिमोग्लोबिन, साखर, बी-१२, थायरॉइड, सोडियम, मूत्रपिंड आणि यकृत यांच्या रक्ततपासण्या आणि गरज असेल तर मेंदूचा सीटी किंवा एमआरआय सांगतात. शिवाय प्रश्नोत्तरांची एक चाचणी असते: तारीख, शब्द लक्षात ठेवणं, घड्याळ काढणं वगैरे. ती मराठीतून घ्या असा आग्रह धरा, आणि शिक्षण किती झालंय ते सांगा. कमी शिकलेल्या माणसाचे गुण आजार नसतानाही कमी येऊ शकतात. ऐकण्याचं यंत्र आणि चष्मा लावूनच चाचणीला बसवा. एका चाचणीवर निकाल लावू नका. सहा महिने किंवा वर्षाने पुन्हा घेऊन तुलना करणं जास्त खात्रीचं.

वय झाल्याने नाव अडण्यावर गोळी नाही. गिंको या वनस्पतीच्या अर्काची अमेरिकेत तीन हजारांहून जास्त वृद्धांवर चाचणी झाली. २००८ मध्ये निकाल आला की स्मृतिभ्रंश टाळायला त्याचा उपयोग नाही. "स्मरणशक्ती वाढवणारी" म्हणून काहीही घेत असाल, आयुर्वेदिक असलं तरी, डॉक्टरांना सांगा. मोबाइलवरचे मेंदूचे खेळ खेळून बहुतांशी त्या खेळातच हुशारी येते. रोजचं चालणं, रक्तदाब-साखर ताब्यात ठेवणं आणि भजनी मंडळ असो की ज्येष्ठ नागरिक संघ, माणसांत जाणं, यांवर माझा भरवसा जास्त आहे.

परका चेहरा ओळखीचा वाटतो तेव्हा

वयाबरोबर होणारी एक चूक फारशी बोलली जात नाही: कधीही न पाहिलेला चेहरा पाहिल्यासारखा वाटतो. फसवणारे याचाच फायदा घेतात. "काय आजोबा, ओळखलं नाही? तुमच्या मुलाच्या ऑफिसातला मी!" संकोचाने आजोबा "हो हो, या" म्हणतात. घरात नियम करा: दार उघडण्याआधी किंवा पैसे देण्याआधी ज्याचं नाव सांगितलं त्या मुलाला, भाच्याला आपल्याकडे असलेल्या नंबरवर फोन. यात कुणाचा अपमान नाही. ऑनलाइन पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करा. जितका उशीर, तितकी पैसे अडवण्याची शक्यता कमी.

निदान झालं तरी हक्क जात नाहीत

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या व्याख्येत स्मरणशक्तीचे गंभीर विकारही येतात. त्यातल्या या गोष्टी माहीत असू द्या:

- आजाराचं निदान झालं एवढ्यावरून माणूस "विकल मनाचा" ठरत नाही. ते सक्षम न्यायालयाने ठरवावं लागतं. "आता तुझ्या सहीला किंमत नाही" असं सांगून कुणी सह्या-अंगठे घेत असेल, तर ते चूक आहे.
- आपल्यावर पुढे कोणते उपचार व्हावेत, कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवता येतं आणि आपल्या वतीने निर्णय घेणारा प्रतिनिधी नेमता येतो.
- आजाराची माहिती गोपनीय ठेवली जाण्याचा आणि आपली वैद्यकीय कागदपत्रं मिळवण्याचा हक्क आहे.
- आरोग्यविम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच संरक्षण द्यावं लागतं. पॉलिसी नाकारली तर लेखी कारण मागा.

कागदपत्रांबाबत सर्वाधिक गैरसमज मुखत्यारपत्राचा आहे. "मुलाच्या नावे मुखत्यारपत्र केलंय, आता चिंता नाही" असं अनेकजण समजतात. भारतीय करार कायद्यानुसार ते देणारी व्यक्ती विकल मनाची झाली की ते संपुष्टात येतं, म्हणजे नेमकी गरज पडेल तेव्हाच ते निकामी होतं. त्यानंतर पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जाण्याची वेळ येते. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही; पण विसराळूपणाची शंका असेल तर नोंदणी करा आणि त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत ठेवा. राहतं घर मुलांच्या नावे बक्षीसपत्राने देत असाल, तर सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली, सांभाळ झाला नाही तर प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणाकडून असं हस्तांतरण रद्द करून घेता येतं. अट लिहिलेली नसेल तर लढाई फार कठीण होते.

ही सगळी कामं निदान होण्याची वाट न पाहता, डोकं ठिकाणावर असतानाच उरकून घ्या, आणि घरातल्या निदान दोन माणसांना कागद कुठे ठेवलेत ते सांगून ठेवा. काही अडलं तर ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे, मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस सेवा १४४१६ आहे. दोन्ही मोफत आहेत.